प्रभाग चौघांचा, कौल एकाचा

2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महायुती आणि महाविकास आघाडी यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र 17 आणि 30. सहा महिन्यांत पारडे फिरले. निम्म्याच्या आसपास मतांवर महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा घेतल्या. म्हणजे हा प्रश्न कुणा एका पक्षाचा नाही, मते मोजण्याच्या रीतीचा आहे. सर्वाधिक मते मिळवील तो विजयी, ही रीत सोपी आहे. तिच्यातून सरकार लवकर उभे राहते आणि आपला आमदार कोण हे मतदाराला नेमके ठाऊक असते. म्हणून लोकसभा-विधानसभेला ती ठेवावी असे म्हणणाऱ्यांशी वाद घालता येतो, पण त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. महापालिकांत मात्र या रीतीचे तोटे तेवढे आपल्या पदरात पडले आहेत.

मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. 2012 ला दोन सदस्यांचा प्रभाग होता, 2017 ला चारांचा झाला. मतदार यंत्रापुढे उभा राहतो आणि अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबतो. प्रत्येक जागेचा निकाल वेगळा. आता एका प्रभागात एका पक्षाला 40 टक्के आणि दोन पक्षांना 30-30 टक्के पाठिंबा आहे असे धरा. लोकांनी पॅनेल बघून मत दिले, तर 40 टक्केवाला पक्ष चारही जागा नेतो आणि उरलेल्या 60 टक्क्यांचा सभागृहात एकही माणूस जात नाही. शिवाय रस्ता खचला तर चौघांपैकी कुणाला धरायचे, हेही कळत नाही. एकसदस्यीय वॉर्डात निदान तेवढी सोय होती.

प्रभाग चौघांचाच ठेवायचा असेल, तर मतदाराला एकच मत द्यावे आणि त्याने उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहावा. चार जागांसाठी विजयाचा कोटा साधारण एक पंचमांश मतांचा येतो. वरच्या उदाहरणात मग 40 टक्केवाल्याला दोन आणि इतर दोघांना एकेक जागा मिळते. आयर्लंड 1922 पासून याच पद्धतीने संसद निवडते. 1959 आणि 1968 मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनी ती मोडायला सार्वमत घेतले. दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. आपल्यालाही ती परकी नाही. विधान परिषदेचा निवडून येणारा प्रत्येक सदस्य पसंतीच्या मतांवरच येतो, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात हे आकडे लिहिणारे हात नगरसेवकांचेच असतात. त्यांना जमते ते त्यांच्या मतदारांना का जमू नये?

1949 च्या जानेवारीत संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला तो दोन कारणांनी: त्यासाठी साक्षर मतदार लागतो, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होते. तेव्हाच्या भारतात ती भीती रास्तच होती. 1951 च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम 18 टक्के भरली. 2011 ला महाराष्ट्रात ती 82 टक्क्यांवर होती. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, पण महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो. बहुमत हलले म्हणून तिथे सरकार पडत नाही, पाणीपुरवठाही थांबत नाही. खरी अडचण आरक्षणाची आहे, कारण प्रभागातली प्रत्येक जागा आज वेगळ्या प्रवर्गाला बांधलेली असते. तिलाही आपल्याच इतिहासात वाट आहे. 1952 आणि 1957 च्या द्विसदस्यीय मतदारसंघांत आधी राखीव जागेचा विजेता ठरे आणि मग उरलेल्यांतून दुसरा. हाच नियम पसंतीच्या मोजणीत बसवता येईल. मतदान कागदी मतपत्रिकेवर घ्यावे लागेल, मोजणी एक-दोन दिवस लांबेल. पाच वर्षांच्या कारभारासाठी एवढी कळ सोसायला हरकत नसावी.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. महापालिका निवडणुकीचा कायदा राज्य विधिमंडळाच्या हातात आहे, आणि प्रभाग एकाचा की चौघांचा हे ठरवायला तो याआधी अनेकदा बदलला गेला आहे. पुढच्या वेळी तो बदलायला निघाल तेव्हा मते मोजण्याची रीतही बदला, एवढेच आमदारांकडे मागणे आहे.