‘वाचनाची गोडी’ लावली म्हणे!

बाबूराव अर्नाळकरांचं नाव काढा, समोरचा जाणकार एकच वाक्य बोलतो: त्यांनी लोकांना वाचनाची गोडी लावली. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, कोणीही असो, वाक्य तेच. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. बालवाडीच्या बाईंबद्दल बोलावं तसं आहे ते. बाई छान होत्या, खरं शिक्षण नंतर झालं!

माझं नंतर तसं काही झालं नाही. नेमाडे वाचले, खानदेशातल्या पोराला ते चुकत नाहीत. पण ‘कोसला’ आवडली म्हणून मी दारा बुलंदला सोडलं नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर. धुळे-जळगाव गाडी पारोळ्याला, एरंडोलला थांबली की खाकी खिशातून पॉकेटबुक बाहेर. आजी विचारायची, “काय वाची राह्यना रे?” ते हसून झुंजारचं नाव सांगायचे. पोलिसांना चकवून अडलेल्याच्या मदतीला धावणारा झुंजार त्यांना फार प्रिय. ते गेल्यावर घराला रंग काढला आणि त्यांची अख्खी ट्रंक मी रद्दीत दिली. किलोवर. तेव्हा माझ्याही डोक्यात तेच वाक्य होतं ना, गोडी लावून झाली, आता काय काम!

पुढे नोकरीला जळगावात आलो आणि तीच पुस्तकं शोधायला लागलो. एका वाचनालयात उत्तर मिळालं, “ती फाटकी होती, निर्लेखित केली.” ग्रंथपालांना काय बोलणार? मीही तेच केलं होतं.

अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, नाईकांनीही हजाराच्या वर. त्यातल्या आज दुकानात किती दिसतात, बघा. शिरवळकर तुम्हाला माहीत आहेत, पण ‘दुनियादारी’मुळे, तेही २०१३ साली सिनेमा आला म्हणून. कोर्टात उलटतपासणी घेणारा त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास कितीजणांना ठाऊक आहे?

बंगालीत ब्योमकेश १९३२ पासून आहे, फेलूदा १९६५ पासून. अजून छापतात, पडद्यावर आणतात. फेलूदाने पोरांना टागोरांपर्यंत पोचवलं, एवढ्यावर त्याची बोळवण कोणी करत नाही. मान्य, सत्यजित राय हे नाव मोठं. मग तमिळ घ्या. तिथल्या पल्प कथांचा जाडजूड इंग्रजी संग्रह २००८ मध्ये चेन्नईच्या प्रकाशकाने काढला, आणि ते लेखक काही राय नव्हते.

यातलं बरंच लिखाण सुमार आहे, हेही खरं. कथानकं इंग्रजीवरून उचललेली, बायका पळवून नेण्यापुरत्या. हजार लिहिणाऱ्याच्या हजार चांगल्या कशा निघतील? पण पन्नास तर निघतील! त्या कोणत्या, हे ठरवायला कोणीतरी हजार वाचाव्या लागतील. आपल्या विद्यापीठांत कशाकशावर पीएचडी होते, मग यावर का नको?

गेल्या दिवाळीत रद्दीच्या दुकानात एक सापडली. कॅप्टन दीपची, म्हणजे नाईकांची. कव्हर नाही, त्यामुळे नाव कळत नाही. शेवटची पानंही गायब. खुनी कोण, मला अजून माहीत नाही. तुमच्या माळ्यावर कॅप्टन दीप असेल तर फेकू नका. शेवटच्या पानांचे फोटो काढून पाठवा. एकेक जुळवून बघतो.