सायकलची चड्डी : चोचले की इतिहास?

१/७
‘आजोबांनी धोतर नेसून इतवारी ते सीताबर्डी सायकल हाणली, त्यांना कुठे लागली होती गादीची चड्डी?’ हा युक्तिवाद ऐकायला रांगडा वाटतो. इतिहास म्हणून मात्र तो टिकत नाही.

२/७
आजोबांची सायकल नीट आठवावी. २८ इंची चाके, पाठ ताठ ठेवणारे हँडल, स्प्रिंगा लावलेली रुंद चामडी सीट, धोतराचा सोगा साखळीत अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर, चप्पल घसरू नये म्हणून रबरी पेडल. आराम होताच, तो कपड्यात नव्हता, यंत्रात होता.

३/७
शर्यतीच्या सायकलीत स्वार पुढे वाकला, सीट अरुंद व कडक झाली, वजनापायी स्प्रिंगा गेल्या. मग गादी कपड्यात आली : आधी लोकरी चड्डीला आतून मऊ कातड्याचे अस्तर, पुढे लायक्रा आणि फोम. या चड्डीचे मूळ मिरवण्यात नाही, बदललेल्या बैठकीत आहे.

४/७
पेडलचेही तेच. शर्यतपटू पूर्वी पाय चामडी पट्ट्याने बांधत. स्कीचे बंध बनवणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने बूट अडकवणारे पेडल आणले. १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी त्यावर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली.

५/७
म्हणून ते प्रत्येकाने घ्यावे, हा दुकानदारी उपदेशही तितकाच पोकळ. इतवारीच्या गल्लीत हातगाडी आडवी येते, क्षणात पाय टेकावा लागतो. तेथे रुंद, सपाट पेडलच शहाणपणाचे. याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. त्या अंतराची गरज निराळी.

६/७
निवडीचे निकष तीनच : अंतर, बैठक, थांबे. चड्डी अंगाला घट्ट, सुरकुती न पडणारी असावी; मांडीच्या आत जाड शिवण नसावी; आत दुसरा कपडा घालू नये. गादी जितकी जाड तितका आराम, हा भ्रम आहे. नागपुरी उन्हाळ्यात घामाने भिजलेली सुती शिवणच कातडी सोलते.

७/७
‘सोसणे म्हणजे परंपरा’ म्हणणारे एक विसरतात : जुन्या सायकलीचे सीट, स्प्रिंगा, चेनकव्हर हे सारे सोसणे टाळण्यासाठीच घडले होते. आराम हा श्रीमंताचा छंद ठरवला, की सर्वाधिक नुकसान दिवसभर सायकलवर माल वाहणाऱ्याचे होते. कारण त्याच्या दुखण्याला मग कोणी दुखणेच मानत नाही.