‘काय नाय’ या उत्तराच्या पलीकडे

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना आपण दिवसातून एकदा तरी विचारतो, “बरं वाटतंय ना?” उत्तर बहुधा ठरलेले असते, “हो, बरं आहे.” तेवढ्यावर विसंबून आपण आपल्या कामाला लागतो. पण हे उत्तर नेहमी प्रकृतीविषयी असतेच असे नाही. पुष्कळदा ते ‘तुझ्याशी, या भाषेत, याहून अधिक मला सांगता येत नाही’ एवढेच सुचवीत असते.

उरण तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाला हे उत्तर महागात पडले. घरातील आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली. तरुणपणी मिठागरात राबलेले, आणि गेली बारा वर्षे मधुमेही. सून सातारकडची, शिकलेली आणि मायाळू. त्यांच्या गोळ्यांची वेळ तिने कधी चुकू दिली नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारीत, “आजोबा, पायांना काही त्रास?” आजोबा म्हणत, “काय नाय.” गेल्या पावसाळ्यात त्यांचा बालपणीचा एक सोबती भेटीस आला. ओटीवर दोघांच्या आगरी बोलीत जुन्या मिठागराच्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता आजोबांनी पायाला बांधलेले फडके सोडून तळवा दाखवला. अंगठ्याखालची जखम कित्येक दिवसांची होती. उपचारांनी पाय वाचला, पण एक बोट गमवावे लागले.

सून काळजी घेत होती, डॉक्टर विचारीत होते, आजोबा खोटारडे नव्हते. तरीही निरोप पोहोचला नाही. असे का व्हावे?

बोली आणि भीड

पहिले कारण भाषेचे. उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यातील आगरी बोलीत ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणतात. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि शब्दातील ‘ड’ ‘र’कडे झुकतो. म्हणून डोळा ‘डोला’ होतो, पाणी ‘पानी’ होते आणि हाड ‘हार’ होते. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांना ‘हार’ दुखते म्हणजे नेमके काय दुखते, हे चटकन उमगत नाही. सुरुवातीला एकदा सुनेने सद्भावनेने म्हटले होते, “बाबा, डॉक्टरांना समजेल असं बोला.” आजोबांनी त्याचा अर्थ घेतला तो असा की, आपले बोलणे चारचौघांत चालण्यासारखे नाही. त्यानंतर दवाखान्यात ते दोनच शब्द बोलू लागले. बोली अशुद्ध नसते. तिचे स्वतःचे नियम असतात. पण आपली बोली कमी प्रतीची आहे असे ज्याला आयुष्यभर जाणवून दिले गेले, तो परक्यापुढे दुखणे सांगण्यापेक्षा गप्प राहणे पत्करतो.

‘तू’ आणि ‘तुम्ही’

दुसरे कारण रीतीचे. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यात अनादर नसतो. सुनेच्या माहेरी मात्र मोठ्यांना ‘अहो’ म्हटल्याखेरीज तोंड उघडायचे नाही, ही शिकवण. तिचे ‘तुम्ही’ आजोबांना परकेपणाचे वाटे. आजोबा डॉक्टरांनाही ‘तू’ म्हणत, ते तिला संकोचाचे वाटे. दोघेही आपापल्या परीने आदरच दाखवीत होते. त्यात सुनेपुढे पाय पुढे करून जखम दाखवणे आजोबांच्या मर्यादेत बसत नव्हते. तिनेही सासऱ्यांचा पाय हाती धरून पाहणे आजवर टाळले होते.

मी कोण, हा प्रश्न

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. मिठागरात मिठवणीत उभे राहून काम करताना पाय फाटतात, चिरतात. त्याची तक्रार करायची नसते. आगर म्हणजे मिठागर किंवा भातखाचर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव आले. पायाच्या जखमेविषयी कुरकुर न करणारा माणूस, ही आजोबांची स्वतःविषयीची ओळख होती. पुढे १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत आली. या काळात ज्यांचे काम गेले आणि ज्यांची शेते भरावाखाली गेली, त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणून जे उरले त्यात हा कणखरपणाही होता. ‘पाय दुखतो’ म्हणणे म्हणजे तोही सोडून देणे.

येथे आपली बोलण्याची पद्धत भर घालते. कॅनडातील संशोधक एलन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक दुष्टचक्र मांडले. वृद्धांना कमी कळते असे गृहीत धरून आपण सोपे, मोठ्या आवाजात, त्यांच्यावतीने बोलू लागतो. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास खचतो, ते कमी बोलतात आणि आपला समज पक्का होतो. अमेरिकेतील क्रिस्टिन विल्यम्स यांच्या २००९ मधील अभ्यासात असे दिसले की, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलल्यास ते शुश्रूषेला अधिक विरोध करतात. “चला, गोळी खाऊया हं” हे लाडिक वाक्य प्रेमाचे असले, तरी ऐकणाऱ्याला ते त्याच्या साऱ्या आयुष्याची वजाबाकी वाटू शकते.

घरी काय करता येईल

‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. त्याऐवजी नेमके विचारावे: ‘रात्री किती वेळा उठावे लागले?’, ‘चप्पल कुठे लागते?’ आणि मधुमेह असेल तर केवळ विचारून थांबू नये. रोज तळवे, टाचा आणि बोटांमधील जागा डोळ्यांनी पाहावी. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, म्हणून जखम दुखेलच असे नाही. फोड, चीर, लाली, सूज किंवा पाणी दिसल्यास घरगुती लेप लावत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दवाखान्यात जाताना त्यांची बोली जाणणारे कोणी सोबत न्यावे. ते नसेल तर त्यांचेच शब्द, शुद्धलेखन न सुधारता, चिठ्ठीवर लिहून न्यावेत. डॉक्टरांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी त्यांना देऊ द्यावे, भर मागाहून घालावी. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, सावकाश, पण प्रौढ माणसाशी बोलतो तसे बोलावे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा काहींच्या बाबतीत आधी निसटते आणि बालपणीची बोली अधिक काळ टिकते. त्या बोलीतील दहा-वीस शब्द शिकून घेणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

आणि कधी कधी दुखण्याविषयी न विचारता कामाविषयी विचारावे. मीठ कसे पिकवीत, होडी कशी हाकीत, भात कधी लावीत? ज्या विषयात माणूस जाणता असतो, तेथे त्याची जीभ सैल होते आणि दुखणेही तेथूनच बाहेर येते.

ज्येष्ठ वाचकहो, एक विनंती आपणांसही. सोसणे हा आपला मोठा गुण आहे, पण सांगणे हा त्याचा भंग नव्हे. पाय बधिर वाटणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे, हीदेखील सांगण्याजोगी लक्षणे आहेत. आपल्याला जमेल त्या शब्दांत सांगा, समजून घेण्याचे काम आमचे.

त्या घरात आता रोज संध्याकाळी पाय धुऊन झाले की, सून कंदिलासारखी विजेरी धरते आणि त्यांच्याच रीतीने म्हणते, “बाबा, पाय दाखव.” पहिल्या दिवशी तिला ‘तू’ म्हणणे जड गेले. आजोबांनी मात्र काही न बोलता पाय पुढे केला.