रशिया आम्ही पाडलेला नाही

पिंप्राळ्यात जुम्म्याच्या नमाजीनंतर चहाच्या हॉटेलात बसले की अमेरिकेपासून इराणपर्यंत सगळे विषय निघतात आणि कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, ‘‘रूस को किसने तोडा? अपने लोगों ने तोडा!’’ बाकीचे माना डोलावतात. हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा आम्ही जेमतेम चालायला शिकलो होतो, पण श्रेय मात्र आमच्याही वाट्याला आपोआप आले. पुढे उर्दू शाळेत नववीला राज्यशास्त्र शिकवायची पाळी आली. सोव्हिएत संघाच्या विघटनाची कारणे विचारली तर एका पोराने पेपरात तेच वाक्य लिहिले, शुद्ध उर्दूत. गुण द्यावेत की कापावेत या विचारात आम्ही बराच वेळ लाल पेन हातात धरून बसलो. शेवटी कापले. का कापले, ते मोठ्या माणसांनाही सांगावे म्हणून हा लेख.

अफगाणिस्तानच्या युद्धाने सोव्हिएत संघ खंगला, हे खरे. डिसेंबर १९७९ पासून १५ फेब्रुवारी १९८९ पर्यंत, नऊ वर्षांहून अधिक काळ ते युद्ध चालले. सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक त्यात मेले. अफगाण माणसे मेली ती लाखांनी, आणि त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेले नाही की हा विजय तुम्हाला कसा वाटतो. पण एक गोष्ट हॉटेलातल्या गप्पांत कधीच येत नाही. २७ डिसेंबर १९७९ रोजी काबूलमध्ये हफीजुल्ला अमीनच्या राजवाड्यावर जी फौज चालून गेली, तिच्यात ‘मुस्लिम बटालियन’ होती. उझबेक, ताजिक, तुर्कमेन पोरे होती ती. तेही ‘अपने लोग’च ना?

पुढचे पाहा. १७ मार्च १९९१ रोजी संघ टिकवावा की नाही यावर सार्वमत झाले. सहा प्रजासत्ताकांनी त्यावर बहिष्कार टाकला. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, जॉर्जिया, आर्मेनिया आणि मोल्दाव्हिया. यात मुस्लिमबहुल एकही नाही. उलट उझबेकिस्तानपासून तुर्कमेनियापर्यंत मध्य आशियात नव्वद टक्क्यांहून जास्त मते संघ टिकवा अशी पडली. (तिकडचे आकडे कितपत खरे, ही शंका वाचकाच्या मनात आली असेल तर शाबास, आम्ही तिकडेच येतो आहोत.) आणि ८ डिसेंबर १९९१ रोजी बेलारूसच्या जंगलात बसून संघ संपल्याच्या कागदावर सह्या केल्या त्या रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तिघांच्या नेत्यांनी. मुसलमानांच्या एकाही प्रजासत्ताकाची त्या कागदावर सही नव्हती.

हा झाला आमच्या मोहल्ल्याचा गैरसमज. आमच्या डाव्या मित्रांचे पालुपद वेगळे आहे. ते म्हणतात, गोर्बाचेव्ह फितूर झाला. मार्च १९८५ मध्ये तो पक्षाचा सरचिटणीस झाला, त्याने ‘पेरेस्त्रोइका’ म्हणजे पुनर्रचना आणि ‘ग्लासनोस्त’ म्हणजे खुलेपणा आणला, तोंडे उघडली आणि घर कोसळले; तोंडे बंद राहिली असती तर घर उभे राहिले असते. या मित्रांनी जरा धुळ्याकडे पाहावे. कॉ. शरद पाटील जातीच्या प्रश्नावरून १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पक्षाच्या चौकटीत न मावणारे खरे बोलणाऱ्याला पक्षात जागा नसते, हे आपल्या खानदेशात गोर्बाचेव्ह येण्याच्या सात वर्षे आधी दिसले होते.

आमच्या मते सोव्हिएत संघ आधी दप्तरात मोडला, नंतर नकाशावर. आणि हे समजायला मॉस्कोला जायला नको. कापूस समजला की पुरे, आणि कापूस आम्हा जळगावकरांना कोणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. उझबेकही तेच म्हणतात. मॉस्कोने उझबेकिस्तानला कापसाचे उद्दिष्ट नेमून दिले आणि ते दरवर्षी वाढवत नेले. त्यासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी १९६०च्या दशकापासून कालव्यांत वळवले. अरल समुद्र आटत गेला, मुयनाक बंदरातली जहाजे वाळूवर बसली. शरद ऋतू आला की शाळा ओस पडत आणि मुले वेचणीला जात. तरीही उद्दिष्ट पुरे होईना. मग ते कागदावर पुरे होऊ लागले. शेतावरून जिल्ह्याला खोटा आकडा, जिल्ह्यावरून ताश्कंदला त्याहून मोठा, ताश्कंदहून मॉस्कोला सर्वांत मोठा. जो कापूस कधी उगवलाच नाही त्याचे पैसे मॉस्को मोजत राहिली आणि त्या पैशांचा वाटा खालून वरपर्यंत पोचत राहिला. प्रजासत्ताकाचे पक्षप्रमुख शराफ रशीदोव्ह १९८३ मध्ये वारले आणि मग चौकशीला जोर आला. त्या वाटेवर खुद्द ब्रेझनेव्हचा जावई चुर्बानोव्ह सापडला. डिसेंबर १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली.

आता आपला कापूस. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना होती. आपला कापूस आपल्या मर्जीने राज्याबाहेर विकायची मुभा शेतकऱ्याला नव्हती. हेतू चांगलाच होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि चुकाऱ्याची वाट पाहणे, हे सगळे आमच्या वडिलांच्या पिढीने भोगले आहे. पलीकडे भाव चढा असला की आपला कापूस रात्रीतून बऱ्हाणपूर आणि खेतियाच्या बाजूला जायचा. आपल्याच शेतातले पीक विकणारा त्या दिवसांत चोरटा ठरत असे! इकडची हमी किंमत चढी असली की तिकडचा कापूस इकडच्या नावावर चढायचा. दप्तरात मात्र सगळे जिथल्या तिथे. २००२ मध्ये खासगी खरेदी खुली झाली आणि ती मक्तेदारी गेली. तेव्हा कोणी अमेरिकेला दोष दिला नाही, की कोणा मुजाहिदाला श्रेय दिले नाही.

गोर्बाचेव्हला हे दिसत होते, पण त्याने अर्धेच काम केले. १९८८ पासून कारखान्यांना मोकळीक दिली, सहकारी धंद्यांना परवानगी दिली. भाव मात्र वरूनच ठरत राहिले. पिंप्राळ्याचा आषाढीचा रथ ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की ओढणारे शेकडो असतात, पण रथ वळतो तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांच्या हिशेबाने. तिथे दोर सैल सोडला आणि मोगरीवाला कोणी नव्हताच. जुलै १९८९ मध्ये कोळसा खाणींतले मजूर संपावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्यांत अंगाच्या साबणाचाही समावेश होता. जग उलथवून टाकणाऱ्या महासत्तेत खाणमजुराला साबण नव्हता.

आणि खुलेपणाचे काय? २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. स्वीडनमध्ये किरणोत्सर्ग मोजला गेला तेव्हा कुठे सरकारने चार ओळी जाहीर केल्या, आणि १ मे ला कीव्हच्या रस्त्यावर मुलांसह संचलन झाले. बदनामी नको म्हणून! त्यानंतर जे खुलेपण आले त्याचा फायदा आपल्याच लोकांना झाला, हे आम्ही ठासून सांगतो. १९४४ मध्ये एका झटक्यात हद्दपार केलेले क्रिमियाचे तातार १९८७ च्या जुलैत रेड स्क्वेअरवर येऊन बसले आणि १९८९ पासून मायभूमीत परतू लागले. हजरत उस्मान यांच्या नावाने ओळखली जाणारी कुराणाची प्राचीन प्रत १९८९ मध्ये ताश्कंदच्या मुसलमानांच्या हाती परत आली. बंद पडलेल्या मशिदी उघडल्या. ज्याने तोंड उघडू दिले त्याला विसरायचे आणि बंदुकीचा तेवढा फख्र करायचा, हा कुठला न्याय?

पण आमच्या छातीत रुतून बसली आहे ती वेगळीच गोष्ट. कापसाची ती चौकशी उझबेकांनी स्वतः केली नाही, मॉस्कोच्या वकिलांनी येऊन केली. हजारो माणसे धरली गेली. खोट्या आकड्यांची मागणी मॉस्कोची, पैशांत वाटा मॉस्कोचा, तरी प्रकरणाला नाव पडले ‘उझबेक प्रकरण’. एका दप्तराची चोरी अख्ख्या कौमेच्या माथी आली. वेचणी करून हात रक्ताळलेली बाईसुद्धा चोरांच्या जातीची ठरली. त्या रागावर स्वार होऊन जुनेच लोक राष्ट्रभक्त झाले. जून १९८९ मध्ये पक्षप्रमुख झालेले इस्लाम करीमोव्ह २०१६ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होते, आणि स्वतंत्र देशातही कित्येक वर्षे मुले शाळा सोडून कापूस वेचत राहिली.

आता वाचकांनी जरा जपून बसावे, कारण आम्ही आमच्या घरात शिरतो आहोत. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत महाराष्ट्रभर शाळांची पटपडताळणी झाली. आम्ही तेव्हा एका संस्थेत नवे लागलो होतो. आदल्या संध्याकाळी मोहल्ल्यातून पोरे गोळा करण्याचे काम आमच्यासारख्या नव्यांना दिले गेले. कोणी मदरशातले, कोणी गॅरेजवरचे, एक तर दुसऱ्या शाळेत शिकणारे. बोटाला शाई लागणार हे कळल्यावर त्या पोराच्या आईने त्याला घरात कोंडून ठेवले. शहाणी बाई! आम्ही मात्र उभे राहून नावे पुकारली. का? पट घसरला की संचमान्यतेत पदे कमी, पदे कमी की शिक्षक अतिरिक्त, आणि सर्वांत नवे कोण, तर आम्ही. उझबेक शेतावरचा मुकादमही असाच कोणी बालबच्चेवाला असणार.

कोणी म्हणेल, खोटे पट काय फक्त उर्दू शाळांत होते? मुळीच नाही. राज्यभर, सगळ्या माध्यमांत सापडले. पण मराठी शाळेत सापडले तर ‘अमुक संस्था’ म्हणतात आणि आमच्याकडे सापडले तर ‘मुसलमानांच्या शाळा’. हा अन्याय आहेच, आणि आजच्या हवेत तो वाढला आहे हेही आम्ही नाकारत नाही. म्हणूनच संस्थाचालक सांगतात, सर, अभी वक्त नहीं है, दुश्मन फायदा उठाएगा. चेर्नोबिलवाले तरी दुसरे काय म्हणत होते? बाहेरचा येऊन दप्तर उघडतो तेव्हा तो समाजाचे नाव लिहितो. आपण उघडले तर ज्याने केले त्याचे नाव लिहिले जाईल.

आम्ही यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन आकडे लिहायला लागलो आहोत, पट किती आणि हजर किती. एके दिवशी ५४ पैकी ३५. उरलेल्या १९ पैकी ११ पोरे आईबरोबर कापूस वेचायला गेली होती. हे पोरांनीच सांगितले, आम्ही कोणाला दोष दिला नाही. मुख्याध्यापकांनी आकडे पुसायला सांगितले. आम्ही पुसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले.

आमची मागणी एवढीच आहे. हे दोन आकडे प्रत्येक उर्दू शाळेच्या दर्शनी भिंतीवर रोज लागावेत. खिचडीचा तांदूळ किती आला नि किती शिजला तेही लागावे. आणि संस्थेचा वर्षाचा हिशेब मोहल्ल्यातल्या कोणाही पालकाला मागितल्यावर पाहायला मिळावा, उर्दूत आणि मराठीतही. ज्या संस्थाचालकांना यात समाजाची बदनामी दिसते त्यांनी पुढच्या अंकात याच पानांवर, स्वतःच्या नावाने उत्तर लिहावे.