मत्स्यपात्र आणि वैशाखाचा उष्मा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला, आणि त्याचें कर्तृत्व सर्वस्वीं आमचें होतें. त्यामुळें या महिन्याचा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं.

आमच्या पुण्याच्या घरांत शंभर लिटर पाण्याची कांचेची पेटी आहे व तींत नातवाचे पांच सोनमासे होते. 'मासे' हा शब्द घरांत उच्चारण्यासही आमच्या सौभाग्यवतींची प्रथम हरकत होती. पुढें त्यांस दाणा पडला कीं नाहीं याची चौकशी त्याच आधीं करूं लागल्या. उन्हाळा चढला तसे मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडूं लागले. हवा कमी पडते असें समजून, दुकानदाराच्या सल्ल्यानें, आम्हीं पाण्यांत बुडून राहणारा वीस वॅटचा मोठा पंप आणला आणि मांजराच्या भयानें कांचेचें झांकण घट्ट बसविलें. चौथ्या दिवशीं खोलींत ३३ अंश उष्णता असतां पाण्यांत ३५ भरली. घाबरून आम्हीं बर्फाचे खडे आंत टाकले. सायंकाळीं एक मासा मेला. "आजोबा, तुम्ही पंप मोठा आणलात, मग तो गुदमरला कसा?" या नातवाच्या प्रश्नानें त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

उत्तर साध्या गणितांत आहे. पंपास जी वीज मिळते तिची अखेर उष्णताच होते. कांहीं मोटरीच्या वेढ्यांत, उरलेली पाणी ढवळतांना. मोटर पाण्यांतच असली म्हणजे ती सारी पाण्याच्या पदरांत पडते. वीस वॅट अहोरात्र चालले कीं १७२८ किलोज्यूल होतात. ती उष्णता कोठेंच न गेली तर शंभर लिटर पाणी चार अंशांनीं तापेल. झांकणांतील दिव्याची उष्णता निराळीच. शिवाय २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस साडेसातच. आणि उष्ण पाण्यांत माशाची गरज मात्र वाढते. म्हणजे श्वासासाठीं आणलेल्या पंपानेंच श्वास हिरावला होता.

उलट एक लिटर पाणी आटतांना सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातें. आमच्या पंपाची दिवसाची उष्णता पाऊण लिटराच्या वाफेनें सहज गेली असती, पण ती वाट आम्हींच झांकणानें बंद केलेली! झिरपणाऱ्या माठांतील पाणी गार कां होतें, हें आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें, आणि घरांत विसरलों.

दुसऱ्या दिवशीं झांकण काढून जाळी बसविली, दिवा हातभर वर टांगला, मोठा पंप काढून हवेचा लहान पंप पेटीबाहेर ठेवला आणि टेबलावरचा पंखा पाण्याच्या पृष्ठावरून वारा जाईल असा लावला. दोन दिवसांत पारा २९ वर आला. पुण्याच्या कोरड्या हवेंत ही युक्ति साधते. मुंबई-कोंकणांतील दमट हवेंत वाफ मंद होते, तेथें इतका गुण येणार नाहीं. बर्फ थेट कधींही टाकूं नये. एकाएकीं होणारा फरक माशांस सोसत नाहीं. आटलेलें पाणी भरतांना नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन बहुतांशीं उडून जातो. वाफेबरोबर क्षार जात नाहींत, ते मागें सांचतात. यास्तव नुसती भर न घालतां आठवड्यास थोडें जुनें पाणी काढूनही टाकावें. पंख्याची तार पाण्यापासून दूर असावी व पेटींत हात घालण्यापूर्वीं सर्व बटनें बंद करावींत, हें मुलांस बजावून सांगावें.

पाणी जितकें अधिक, तितकें तें सावकाश तापतें. शतपथब्राह्मणांतील मनूनें वाढत्या मत्स्यास घटांतून खड्ड्यांत व तेथून समुद्रांत नेलें. आम्हांस पुढच्या वर्षीं दीडशें लिटरांची पेटी घेण्यापलीकडे जातां येणार नाहीं.

नातू आतां रोज दुपारीं तीन वाजतां पारा पाहून वहींत मांडतो. मोठा पंप माळ्यावर आहे; तो कोणास देऊं नये असें त्यानें आम्हांस बजावलें आहे.