पोट म्हणजे रांजण नव्हे

पैठणला तुकाराम बीजेपासून नाथवाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते. देवानं संत एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन ज्यात कावडीनं पाणी वाहिलं असं मानतात, तोच हा रांजण. तो काठोकाठ भरून वाहू लागला की काम फत्ते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे पसरलेली समजूतही याच धर्तीची आहे. पोटाचा रांजण मोठा होता म्हणून माणूस जास्त जेवत होता; सर्जननं तो लहान केला; आता तो चार घासांत भरेल आणि वजन आपोआप उतरेल. ही समजूत पेशंटला सोयीची, नातेवाइकांना सोयीची आणि जाहिरात करणाऱ्याला तर फारच सोयीची. फक्त ती खरी नाही.

पूर्वपक्षाला त्याचं माप आधी पदरात घालू. निरोगी माणसाचं जठर ताणलं तर लिटरभर किंवा त्याहून जास्त अन्न सामावून घेतं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत त्याचा पाऊण ते चार पंचमांश भाग कापून काढतात आणि उरते शंभर ते दीडशे मिलिलिटरची एक नळी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये तर वरची पिशवी जेमतेम तीस मिलिलिटरची असते. पहिल्या काही महिन्यांत पेशंट खरोखरच चार चमच्यांत हात धुतो, कपडे सैल होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि बॅरिएट्रिक हा अवघड शब्द मराठवाड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत उपचारांसाठी आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे उतरलेले किलो क्रिकेटच्या धावफलकासारखे छापले. ताटात काय वाढायचं, कोणी वाढायचं आणि कुठे थांबायचं, याची बातमी कोणी केली नाही. रांजणाची कल्पना इतकी घट्ट बसण्यात या बातमीदारीचा वाटा मोठा आहे.

आता उत्तरपक्ष. भूक आणि तृप्ती जठराच्या आकारावरच अवलंबून असती, तर जठर नसलेल्या माणसाला भूक लागायलाच नको होती. १९३१ मध्ये वँगेनस्टीन आणि कार्लसन या अमेरिकी संशोधकांनी संपूर्ण जठर काढलेल्या एका पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. त्या पेशंटला भूक लागत होती. उलट बाजूनंही पुरावा आहे. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या दोन माणसांपुढे, जेवण उरकून काही मिनिटं होताच, पुन्हा ताट ठेवलं. दोघांनी ते खाल्लं. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याची आठवण नव्हती. टीव्हीसमोर किंवा मोबाईलवर बोट फिरवत जेवणाऱ्यानं या प्रयोगावर थोडा विचार करावा.

मग शस्त्रक्रिया काम कशानं करते? जागा कमी झाल्यानं करते, हे खरंच. पण तेवढ्यानं नाही. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरतं, त्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘पुरे झालं’ सांगणारी संप्रेरकं जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवतात. सध्या ज्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालते, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. म्हणजे सर्जन मेंदूला जाणारे निरोप बदलतो. पण हे निरोप पोहोचायला वेळ लागतो, साधारण वीसेक मिनिटं. पाच मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला ते मिळतात तोवर घास छातीत अडकलेला असतो.

आणि हे बदललेले निरोप कायम तितकेच जोरदार राहत नाहीत. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी पाहिलं तर ती घट २५ टक्क्यांवर आली होती. या आकड्यावरून शस्त्रक्रियेला फसवी ठरवणारे लोकही आहेत. त्यांचंही चूक. दहा वर्षं पाव वजन कमी ठेवणं आहार आणि व्यायाम यांच्या जोरावर फार थोड्यांना जमतं. आकडा सांगतो ते एवढंच की पहिलं वर्ष सवलतीचं असतं. भूक झोपलेली असताना जो जेवायला शिकतो, त्याला ती जागी झाल्यावर जड जात नाही. जो शिकत नाही, त्याच्या जुन्या सवयी नव्या पोटातही वाट काढतात.

ती वाट कशी काढतात, हे पाहण्यासारखं आहे. ‘थोडं थोडं खा’ हा डॉक्टरांचा सल्ला घरी येईपर्यंत ‘थोडं थोडं, पण सारखं खा’ असा होतो. एका बैठकीत अर्धी वाटी उसळ न जाणारा माणूस दिवसभरात पाव किलो चिवडा सहज संपवतो. बिस्किट चहात बुडवलं की नळीतून सरकतं, आइस्क्रीम वितळून सरकतं, शेव चावली की पीठ होऊन सरकते. यातलं काहीच थांबत नाही, म्हणून पोट भरल्याचं कळत नाही. दीडशे मिलिलिटरच्या जठरातून दोन हजार कॅलरी घालणं मुळीच अवघड नाही.

महाराष्ट्रात या मुद्द्यावर एक जुनी लढाई तयारच आहे. २०१८ च्या सुमारास घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’ असा सामना रंगला होता. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत; दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळानं खाणं. मराठवाड्यात दीक्षितांना मोठा अनुयायीवर्ग आहे आणि त्यातले काही शस्त्रक्रिया झालेल्या शेजाऱ्यालाही तोच मंत्र देतात. तो देऊ नये. ही पद्धत पूर्ण जठराच्या माणसासाठी आहे. शस्त्रक्रियेनंतर रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात. दीडशे मिलिलिटरच्या दोन जेवणांत ती बसवून दाखवणारा स्वयंपाकी अजून जन्मायचा आहे. दुसऱ्या बाजूचा सल्ला चरत राहायला आयतं निमित्त पुरवतो, त्यामुळे तोही जसाच्या तसा चालत नाही. या पेशंटला तीन छोटी जेवणं आणि मध्ये दोन ठरलेली खाणी लागतात. प्रत्येक वाढून घेतलेलं, बसून खाल्लेलं आणि संपलेलं. दोन्ही गुरूंच्या चाहत्यांनी या एका घरापुरता तह करावा.

साठ ग्रॅम म्हणजे किती, याचा हिशोब पैठणच्या स्वयंपाकघरात मांडला की चित्र स्पष्ट होतं. ज्वारीच्या एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. ती एकटीच अख्खं पोट अडवते. तीस ग्रॅम बेसनाचं पिठलं सहा ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, पन्नास ग्रॅम पनीर नऊ, मूठभर शेंगदाणे सात, वाटीभर दही तीन-चार, भिजवण्याआधी पंचवीस ग्रॅम भरणारे सोयाबीनचे वडे तेरा. एवढं सगळं खाऊनही शाकाहारी माणूस पन्नासाच्या आसपासच पोहोचतो, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. ते थोतांड नाही. मांसाहारी घराचं काम सोपं. अंड्यात सहा ग्रॅम, आणि जायकवाडीच्या नाथसागरातली रोहू किंवा कटला शंभर ग्रॅम खाल्ली तर सतरा-अठरा. माशाचं मांस मऊ, म्हणून बहुतेकांना चिकनच्या आधी तेच सोसतं.

यातून ताटाचा क्रम उलटा होतो. आपलं जेवण वरण-भात-तुपानं सुरू होतं. या पेशंटनं आधी पिठलं, उसळ, अंडं किंवा मासा संपवायचा, मग भाजी आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. भात शेवटी, तोही चमचाभर. ताज्या लुसलुशीत पोळीचा नीट न चावलेला घास गोळा होऊन अडकतो. त्यापेक्षा कडक भाकरीचा बारीक चावलेला तुकडा बरा. आमटीत कुस्करलेली भाकरी मात्र गिळायला सोपी म्हणूनच फसवी. ताटाशेजारचा तांब्याही उचलावा लागतो. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. बाकी दिवसभर घोट घोट करून दीड लिटर.

‘मऊ-पातळ खा, पचेल’ हा आजीबाईंचा सल्लाही इथे तपासून घ्यायला हवा. पहिले काही आठवडे तो शंभर टक्के बरोबर असतो. आधी पाण्यासारखे पदार्थ, मग दूध-ताक, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न येतं. पण काही घरांत पेशंट पेज, शिरा आणि साबुदाण्याच्या खिरीवरच वर्ष काढतो. हे प्रेमानं केलेलं नुकसान आहे. शिरा आणि पुरणासारखं गोड अन्न, विशेषतः बायपासनंतर, आतड्यात धाडकन उतरतं. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येऊन भोवळ येते. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. घरचे ‘दृष्ट लागली’ म्हणतात आणि साखरपाणी देतात. साखर खाली गेल्यावर ती द्यावीच लागते, पण पुढच्या जेवणात गोड कमी केलं नाही तर हे चक्र थांबत नाही.

पैठण हे वारकऱ्यांचं गाव, तेव्हा एकादशीचं बोलल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. उपवास मोडा असं सांगणारे डॉक्टर हरतात, कारण श्रद्धेशी भांडून कोणी पथ्य पाळत नाही. खरा शत्रू साबुदाणा आहे. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात, आणि खिचडी चिकट म्हणून अडकते ती वेगळीच. राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, पनीर ही सगळी उपवासाला चालणारी मंडळी कामाला लावली तर एकादशी निभावते. निर्जळी मात्र नको. लहान जठरात एका वेळी पाणी थोडंच मावतं, त्यामुळे दिवसभराची तूट रात्री भरून काढता येत नाही.

सगळ्यात चिवट पूर्वपक्ष आग्रहाचा. ‘अन्नाला नाही म्हणू नये’, ‘एवढ्यानं काय होतंय’, ‘नाथांच्या गावात येऊन उपाशी जाणार?’ या वाक्यांपुढे भले भले पथ्यवाले आडवे होतात. पण ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांचीच कथा पाहावी. श्राद्धाचं अन्न एकनाथांनी गावानं अस्पृश्य ठरवलेल्या भुकेल्यांना वाढलं. त्या कथेचं सारं तेज कोणाला वाढलं यात आहे. जेवून तृप्त झालेल्याच्या ताटात बळेच आणखी वाढल्याचं कौतुक तिच्यात कुठेच नाही. आणि गंमत अशी की पंगत या पेशंटच्या सोयीची आहे. पंगतीत श्लोक होईपर्यंत थांबावं लागतं, सगळ्यांचं होईपर्यंत उठता येत नाही, म्हणजे अर्धा तास आयता मिळतो. बुफेत उभ्यानं भराभर खाणं मात्र वाईट. बदलायची आहे ती फक्त वाढप्याची पळी.

थांबायचं कधी, हे शरीर सांगतं, पण हळू आवाजात. छातीच्या हाडाखाली किंचित दाब येतो, उचकी लागते, नाक वाहतं, एखादी शिंक येते. ही खूण म्हणजे शेवटच्या घासाची सूचना. त्यापुढचा घास उलटी होऊन बाहेर येतो. शस्त्रक्रियेनंतर उलटी होणारच, असं समजून लोक महिनोन्महिने सोसतात; हा समज सर्वांत धोक्याचा. सतत उलट्या झाल्या तर थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला, नसांना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी घरगुती काढा न देता दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांच्या बाजूनंही सगळं आलबेल नाही. ब्रोकोली, ओट्स आणि टेबलस्पूनची मापं भरलेला आहारतक्ता गोदाकाठच्या घरात कपाटाला चिकटून राहतो. त्याच तक्त्यात पिठल्याची वाटी, मटकीची उसळ आणि ताकाचा पेला लिहिला तर तो पाळला जाईल. शिवाय सल्ला बहुतेक वेळा फक्त पेशंटला दिला जातो, आणि पेशंट पुरुष असेल तर तो आयुष्यात स्वतःचं ताट स्वतः वाढून घेत नसतो. ज्या हातात पळी आहे तो हात सल्ल्याच्या वेळी खोलीबाहेर बाकावर बसलेला असतो.

ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्ततपासणी दरवर्षी करावी लागते. पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर आहे. वजन उतरलं की तपासणीची ही फेरी टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. आणि पुढच्या फेरीला घरात जेवण वाढणाऱ्या माणसाला बरोबर न्यावं, डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसवावं आणि सगळे प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.