शिकणे हेही कामच आहे

डोंबिवलीच्या चाळीचाळींतून फिरणाऱ्या आशाताईला आता माहिती मोबाइलवर भरायची आहे. ते तिने शिकायचे कधी? रात्री घरी, स्वतःच्या रिचार्जवर? "बाया शिकायलाच तयार नसतात" म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे : तुम्ही शिकवले कधी? २०२१ मध्ये अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाइल परत केले, कारण फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशाताई संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाच्या सक्तीलाही त्यांचा विरोध होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीपासून दूर ठेवले, त्यांनाच 'शिकत नाहीत' म्हणायचे, ही मनुवादी खोड जुनीच. (अहो, 'शिका' हा तर आमच्या बाबासाहेबांचा पहिला शब्द!)

खरी गोम मोबदल्यात आहे. २००५ पासून आशा 'स्वयंसेविका' आहे; तिला पगारच नाही, मग तिच्या शिकण्याचे तास मोजणार कोण? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी खर्चाचा मोठा भार सरकारवर टाकला होता, बाईवर नव्हे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने प्रशिक्षण मराठीतून, कामाच्या वेळेत, भत्ता देऊन करावे. आणि तेही तिच्या हातात फोन देऊन, भिंतीवर स्लाइड दाखवून नाही.